सव्वा फेरा

"हात वर!" असं कुणीतरी ओरडलं तेव्हा हेमचंद्र सबनीस पाठमोरा, वाकलेला होता. हे आपल्याला नाहीच, असंच त्याला वाटलं. सकाळी पार्कात कुत्री फिरवायला येणारे लोक कुत्र्यांवर ओरडतात, तसलं काहीतरी असेल. त्यानं हातातला डबा पुढे सरकवला आणि रेघ आणखी हातभर लांब केली. मग तोच आवाज पुन्हा आला, या वेळी शिवीसकट, तेव्हा त्यानं मान वळवली. तळ्याच्या बाजूला गवतावर दोन पोलीस होते. एकाचं पिस्तूल त्याच्यावर रोखलेलं होतं. दुसरा गाडीच्या उघड्या दाराआडून रेडिओवर बोलत होता. "डबा खाली ठेव. सावकाश. आता हात वर." हेमचंद्रानं डबा खाली ठेवला. ठेवताना तो कलंडला आणि पांढऱ्या पुडीचा लहानसा ढग उठून त्याच्या पँटवर, बुटांवर बसला. पिस्तूल धरलेला पोलीस एकदम मागे सरकला. अगदी कोवळा पोरगा होता, मिसरूडही धड फुटलेलं नसावं. घाबरलाय हा, असं हेमचंद्राच्या मनात आलं, आणि ते मनात आल्यावर तो स्वतः घाबरला.

ती साधी फक्की होती. मैदानावर रेघा आखायची. कराडच्या शाळेत खो-खोच्या मैदानावर पी.टी.चे मास्तर मारायचे तसली. इथे ती हार्डवेअरच्या दुकानात गोणीनं मिळते. शनिवारी क्लबची मोसमातली शेवटची स्पर्धा होती, नाल फेकण्याची. फेकणाऱ्याचा पाय जिच्यापुढे जाता कामा नये ती रेघ इतकी वर्षं हेमचंद्रच आखत आला होता. पण दोन हजार एक सालातला ऑक्टोबर चालू होता. न्यूयॉर्कचे टॉवर पडून महिना झाला होता, आणि न्यू जर्सीचाच शिक्का असलेल्या पाकिटांतून जीवघेण्या रोगाचे जंतू असलेली पांढरी पूड लोकांच्या हाती पडत होती. पार्सिपनीतल्या या पार्कात सकाळी सकाळी एक सावळा माणूस, एकटा, जमिनीवर पांढरी पूड पसरतोय. हेमचंद्रानं ते चित्र स्वतःच बाहेरून पाहिलं, फुटपाथच्या कडेला बसवल्यावर, हात पाठीमागे अडकवलेले असताना. "रेघेसाठी आहे ती. खेळाची रेघ," तो सांगत राहिला. तीस-बत्तीस वर्षं त्यानं या देशात पुलांची आणि रस्त्यांची डिझाइनं केली होती, मीटिंगांमधून भांडला होता, विनोद केले होते. पण त्या सकाळी त्याचं इंग्रजी नुकत्याच विमानातून उतरलेल्या माणसासारखं अडखळू लागलं. अंगभर पांढरे पोशाख चढवलेली माणसं आली, पिवळी फीत बांधली गेली, पुडीचा नमुना नळीत भरून नेला. दाराआडचा पोलीस तेवढ्यात रेडिओवरून आलेलं वर्णन मोठ्यानं परत म्हणून खातरजमा करत होता: साठीच्या आसपासचा पुरुष, अरब असावा, हिरवी टोपी, डावा पाय किंचित ओढत चालतो. "हाच," तो म्हणाला.

दुपारी त्याला सोडलं. दुसऱ्या, थोराड पोलिसानं हातातल्या बेड्या काढल्या, सॉरीही म्हणाला. "सर, हल्ली दिवस कसे आहेत तुम्ही जाणताच. फोन आला की आम्हाला यावंच लागतं." हेमचंद्रानं मान हलवली. अर्थात, अर्थात, असं दोनदा म्हणाला. घरी गाडी चालवत जाताना त्या 'अर्थात'ची त्याला शिसारी आली. आणि सिग्नलला थांबलेला असताना ते दुसरं टोचलं: डावा पाय किंचित ओढत चालतो. कोण म्हणालं हे? अमेरिकेत आल्यावर दुसऱ्याच हिवाळ्यात तो बर्फावर घसरला होता आणि घोट्याचं हाड नीट जुळलं नव्हतं. पण त्याचं ओढणं इतकं कमी होतं की डॉक्टरच्याही पहिल्यांदा लक्षात येत नसे. त्याची बायको प्रतिमा तर म्हणायची, तुमचं उगीच काहीतरी. कुत्रं फिरवणाऱ्या वाटसरूला लांबून ते दिसणं शक्य नव्हतं. ते दिसायला कुणीतरी त्याला वर्षानुवर्षं चालताना पाहिलेलं असायला हवं. मागचा गाडीवाला हॉर्न वाजवू लागला. सिग्नल कधीच हिरवा झाला होता.

प्रतिमानं दार उघडलं आणि त्याच्या पँटकडे पाहिलं. त्यानं सगळं सांगितलं तेव्हा ती स्वयंपाकघराच्या टेबलाशी खुर्चीच्या पाठीला धरून उभीच राहिली. "तुम्हाला मी म्हटलं होतं," ती म्हणाली, "या दिवसांत एकटं तिकडे कडमडू नका म्हणून. गोळी घातली असती म्हणजे?" मग तिनं केयाला फोन लावला. त्यांची मुलगी कॅलिफोर्नियात होती; तिथे नुकती सकाळ सरत होती. केयाचा आवाज स्पीकरवरून खोलीभर झाला. "बाबा, दॅट्स नॉट ओके. यू हॅव टू कम्प्लेन. मी इथल्या एका लॉयरशी बोलते. तू नुसतं 'इट्स फाइन' म्हणू नकोस, प्लीज." "कुणाविरुद्ध कम्प्लेन करू?" त्यानं विचारलं. "पोलिसांनी काय केलं? फोन आला, ते आले." "देन हू कॉल्ड?" केया म्हणाली. हेमचंद्र टेबलाच्या लाकडावरच्या रेषा बोटानं गिरवत राहिला. पार्कातली खेळाची जागा त्याच्या डोळ्यांपुढे होती. एका अंगाला तळं, दोन अंगांना मेपलची दाट झाडी. चौथ्या अंगाला, रस्त्यापलीकडे, एकच घर. त्या घराच्या स्वयंपाकघराची खिडकी. त्याला हा खेळ शिकवणाऱ्या अर्लनं ते घर घेतलंच होतं त्या खिडकीसाठी. बेसिनपाशी कॉफीचा कप विसळता विसळता त्याला खेळ दिसायला हवा असायचा. अर्ल जाऊन दोन वर्षं झाली होती. आता त्या खिडकीशी डॉटी असायची, अर्लची बायको. छे, हेमचंद्रानं स्वतःला दटावलं. काहीतरीच.

पण ती शंका एकदा शिरल्यावर निघेना. जेवताना, आंघोळ करताना, टीव्हीपुढे बसलेला असताना ती अंगात कुठे ना कुठे जागी असायची, दातात अडकलेल्या बडीशेपेसारखी. जीभ पुन्हा पुन्हा तिथेच जायची. टीव्हीवर दिवसभर तेच ते: धूर, नकाशे, दाढीवाले चेहरे. प्रतिमा बंद करायची, तो पुन्हा लावायचा. तळघरात त्यानं सरावासाठी, नाल ज्याभोवती जाऊन बसायची असते तसा, एक खुंटा रोवून घेतला होता, पूर्ण अंतराचा नव्हे, नुसता हात बसवायला. तिथे जाऊन त्यानं नाल हातात घेतली. सव्वा किलोच्या आसपास लोखंड. घोड्याच्या पायाला मारतात त्याहून मोठी, जड, टोकांशी आत वळलेली. ती तळहातात नेहमीसारखी बसली, पण हात पुढे गेल्यावर बोटं उघडेनात. नाल उशिरा सुटली आणि भिंतीवर आदळली. वरून प्रतिमाची हाक आली, "काय झालं हो?" "काही नाही," तो म्हणाला. पुन्हा उचलली, पुन्हा तेच. मनगटावर बेडीचा लाल वळ अजून होता, पण दुखत वगैरे नव्हतं. हातात काही बिघाड नव्हता. फक्त सोडायच्या क्षणी त्याला वाटायचं की पाठीमागे कुणीतरी बघतंय, आणि त्या बघणाऱ्याला हा खेळ दिसत नाहीये, नुसता एक माणूस दिसतोय आणि त्याच्या हातात एक जड लोखंडी वस्तू.

अर्लनं त्याला पहिल्याच दिवशी एक गोष्ट सांगितली होती, की फेकू नकोस. ती चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. कंपनीची पिकनिक त्या पार्कात होती. बाकीचे बेसबॉल खेळत होते, त्यातलं हेमचंद्राला काही कळत नव्हतं, आणि हॉटडॉग तो खात नव्हता. हातात सोड्याची बाटली घेऊन तो असाच तळ्याकाठी हिंडत गेला, तर झाडांच्या सावलीत एक जाडगेला माणूस एकटाच नाल फेकत उभा. टायरचं दुकान होतं त्याचं, बोटांच्या पेरांत काळं ग्रीस कायमचं मुरलेलं. "ये, बघ फेकून," तो म्हणाला. हेमचंद्रानं फेकली ती मागच्या फळीवर जाऊन धाडकन आपटली. अर्ल पोट धरून हसला. "तू फेकतोयस. फेकायची नसते. हात झुलू दे, आणि झोका वर आला की सोड. नुसती बोटं उघड." नाल सपाट सुटली पाहिजे, हवेत एक फेरा आणि वर पाव फेरा घेऊन तोंड खुंट्याकडे करून पोचली पाहिजे. 'वन अँड अ क्वार्टर,' अर्ल म्हणायचा. हेमचंद्राच्या डोक्यात त्याचं आपोआप 'सव्वा' झालं. सव्वा फेरा. त्या दिवशी उन्हं उतरेपर्यंत तो फेकत राहिला, आणि केव्हातरी एक नाल खुंट्याभोवती जाऊन बसली. तिचा आवाज वेगळाच होता. आधी लोखंडाचा लोखंडावर टणत्कार आणि लगेच ओल्या चिकणमातीत धप्प. परदेशात आल्यापासून सहा वर्षांत आपण केलेली एक गोष्ट पुरी झाली, असं त्याला त्या आवाजानं वाटलं. याला रिंगर म्हणतात, अर्लनं सांगितलं. पुढच्या आठवड्यात त्यानं चार नाला विकत आणल्या तेव्हा प्रतिमा म्हणाली, "दाराला ठोकायला एक पुरे होती की."

मग ते वाढतच गेलं. नोकरी, घर, केयाची शाळा, महाराष्ट्र मंडळाचे गणपती हे सगळं आपापल्या जागी होतं. पण जे त्याचं स्वतःचं होतं ते तळ्याकाठी होतं. पाऊस पडला की तिथल्या खुंट्यांभोवतीच्या चौकटींत पाणी साचून मातीचा चिखल व्हायचा, म्हणून त्यानं त्याखाली खडीचा थर आणि तिरका पाइप असं सगळं कागदावर काढून दिलं. ते अर्लनं आणि त्यानं एका उन्हाळ्यात स्वतः खणून घातलं. पार्कखात्याला तिथे गाड्या लावायला जागा करायची होती, तेव्हा तो प्रत्येक मीटिंगला टाय बांधून गेला आणि ते मागे घेईपर्यंत जात राहिला. बायकांची संध्याकाळची लीग त्यानं सुरू केली. युद्धात पाय गमावलेले दोघे चाकाच्या खुर्चीतून खेळायला यायचे, त्यांच्यासाठी उतार बांधून घेतला. राज्याची स्पर्धा त्याच्या धडपडीनं दोनदा तिथे आली. तो स्वतः काही मोठा चॅम्पियन नव्हता. चांगला होता, एवढंच. त्याहून चांगले फेकणारे त्यानं घडवले. पण रोज सकाळी माती उकरून, पाणी शिंपडून, लोण्यासारखी मऊ करून ठेवणारा तोच. डॉटी कधी कधी रस्ता ओलांडून कॉफी आणून द्यायची. अर्लच्या शेवटच्या महिन्यांत तिनं किती वेळा त्याला हाक मारली होती, अर्लला उठवून बसवायला, खिडकीशी आणायला. दोघांनी दोन बाजूंनी धरून त्याला आणायचं आणि तिघांनी मिळून खाली चाललेला खेळ बघायचा. आपल्याला डॉटी ओळखणार नाही? आणि मग त्याच विचाराची दुसरी बाजू वर यायची, आणि ती जास्त भयंकर होती: ओळखलं असेल तर?

शनिवारी क्लब त्याचा सत्कार करणार होता. या खेळासाठी आयुष्यभर केलेल्या कामाबद्दल. अर्लच्या नावाची मानचिन्हाची पाटी पहिल्यांदाच दिली जाणार होती, आणि द्यायची डॉटीच्या हातून. क्लबचा अध्यक्ष व्हिन्स, ट्रक दुरुस्त करणारा एक दिलदार माणूस, फोनवर पुन्हा पुन्हा म्हणाला, "हेम, ऐकलं आम्ही. लाज वाटते आम्हाला. पण तू येणार. तू आला नाहीस तर ते जिंकले." ते म्हणजे कोण, हे हेमचंद्रानं विचारलं नाही. प्रतिमा म्हणाली, जायचं नाही. मग तो जाणारच असं दिसल्यावर म्हणाली, मीही येते. इतक्या वर्षांत ती दोन-तीनदाच आली असेल. शनिवारी सकाळी ती काठापदराची साडी काढून बसली, मग परत ठेवली आणि पँट घातली. कोटाला केयानं दिलेला अमेरिकन झेंड्याचा बिल्ला लावला. हेमचंद्राच्या शर्टालाही एक लावायला आली. तो मागे सरला. "लावा हो," ती म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. त्यानं लावून घेतला.

पार्किंगमध्ये त्यानं गाडी लावल्यावर प्रतिमा पुढे गेली. डिकीतून नालांची पिशवी काढताना हेमचंद्राला जाणवलं की आपण आजूबाजूला बघतोय, ही पिशवी उचलताना आपल्याला कोण पाहतंय ते. तेव्हाच डॉटी समोर आली. चांगला निळा कोट, ओठांना लिपस्टिक, केस सेट केलेले. सत्तरी उलटलेली बाई. तिच्या हातात काही नव्हतं, आणि त्या हातांचं काय करावं ते तिला समजत नव्हतं.

"हेम," ती म्हणाली, "तिथे जायच्या आधी मला तुला सांगायला हवं. फोन मी केला होता."

"हो," तो म्हणाला. त्याला आश्चर्य वाटलं नाही, याचंच आश्चर्य वाटलं. मग, घाईघाईनं, तिला वाट करून द्यावी तसा तो बोलला, "सकाळचं धुकं होतं. तुझा चष्मा नसेल. कुणालाही वाटलं असतं."

हे तिनं घ्यावं, असं त्याला मनापासून वाटत होतं. घे, डॉटी. एवढं घेतलंस की संपलं.

डॉटीनं मान हलवली. "नाही. धुकं नव्हतं. मी तुला ओळखलं होतं. चालण्यावरूनच ओळखलं." ती थांबली. "टीव्ही चालू होता. आदल्या रात्रीपासून चालूच होता, मी बंदच केला नव्हता. खिडकीतून ती पूड दिसली. आणि मला वाटलं, याला मी इतकी वर्षं ओळखते, पण मला याच्याबद्दल माहीत काय आहे? अर्लला माहीत होतास तू. मी कधी काही विचारलंच नाही. तुझं गाव कोणतं, तेसुद्धा मला ठाऊक नाही. मग मी फोन उचलला. त्यांनी विचारलं, माणूस ओळखीचा आहे का. मी नाही म्हटलं. तुझं नाव घेतलं असतं ना, तर मला फोन ठेवून द्यावा लागला असता."

तळ्याकडून लोकांचं हसणं, नालांचे आवाज येत होते. हेमचंद्राला एकाच गोष्टीचं भान होतं, पिशवीचा बंद तळहातात रुतत होता. "त्यांनी पिस्तूल काढलं होतं," तो म्हणाला.

"मी बघितलं. खिडकीतूनच. मला खाली यायला हवं होतं. पाय हलले नाहीत."

"मला हे सांगितलंस कशाला?" त्यानं विचारलं. आवाज चढला नाही. "मी तर तुला धुकं दिलं होतं."

"म्हणूनच," डॉटी म्हणाली. मग व्हिन्सनं दोघांना हाक मारली.

सत्कार म्हणजे एक घडीचं टेबल, एक माइक आणि पन्नास-साठ माणसं. फिती काढून टाकलेल्या होत्या. नव्या रेघा कुणीतरी मारल्या होत्या, वेड्यावाकड्या, पांढऱ्याऐवजी निळ्या रंगाच्या. व्हिन्स बोलला. चांगलं बोलला, शेवटी रडलाही. लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले आणि थांबेनातच. इतक्या टाळ्या रिंगरना मिळत नाहीत, हेमचंद्राच्या मनात आलं. या टाळ्या माझ्यासाठी आहेत की आपण तसले नाही हे यांना सांगायचंय? पहिल्या रांगेत प्रतिमा बसली होती, पर्स मांडीवर घट्ट धरून, आणि ती टाळ्या वाजवणाऱ्यांचे चेहरे एकेक करून बघत होती. ती शोधत होती. यांच्यातलं कोण? डॉटीनं पाटी त्याच्या हातात दिली. तिचे हात गार होते. मग माइक त्याच्या तोंडापुढे आला आणि सगळं शांत झालं. त्यानं घरी चार शब्द जुळवून ठेवले होते, ते कुठेतरी गेले. आता एक वाक्य उच्चारलं की पुरे. या बाईनं. एवढे दोनच शब्द, आणि पुढचं सगळं आपोआप घडलं असतं: व्हिन्सचा चेहरा, लोकांच्या माना, रस्त्यापलीकडची ती खिडकी कायमची बंद. ते वाक्य त्याच्या तोंडात येऊन उभं होतं, त्याची चवसुद्धा लागत होती. डॉटी बाजूला सरकली नव्हती. ती तिथेच उभी राहून वाट बघत होती. तिनं मानही खाली घातली नव्हती. सांगू नकोस, असं काही तिच्या चेहऱ्यावर दिसलं असतं तर कदाचित त्यानं सांगितलं असतं. तो म्हणाला, "अर्लनं मला सांगितलं, फेकू नकोस, सोड. मला ते अजून नीट येत नाही. थँक यू." लोक हसले, पुन्हा टाळ्या झाल्या. आपण क्षमा केली, की घाबरलो, हे त्याला खुर्चीवर येऊन बसेपर्यंतही उमगलं नाही.

दुपारी सामना त्याचा आणि व्हिन्सचाच लागला. प्रत्येकाच्या दोन-दोन नालांचा एक हात; पहिले काही हात भीषण गेले. बोटं आखडत होती, नाला आडव्या पडत होत्या, एक तर शेजारच्या चौकटीत गेली आणि तिथला माणूस चटकन बाजूला झाला. सॉरी, सॉरी, हेमचंद्र ओरडला. त्याला घाम फुटला. सगळ्यांचे डोळे त्याच्या हातावर आहेत असं वाटत होतं, आणि ते खरंही होतं, कारण खेळच तो होता. मग केव्हातरी त्याला राग आला. पोलिसांचा नव्हे, डॉटीचाही नव्हे. कुणाचा ते ठरवायला वेळच नव्हता, पुढची नाल हातात होती. हात झुलला आणि बोटं उघडली. टण्, धप्प. पुढची तशीच. व्हिन्सनं भुवया उंचावल्या. हळूहळू तो व्हिन्सच्या जवळ आला, इतका की शेवटी एका हाताला सामना एका नालेवर आला. व्हिन्सची एक रिंगर, एक लांब. हेमचंद्राची पहिली रिंगर. त्या दोन एकमेकींना खाऊन टाकणार. दुसरी रिंगर बसली तर सामना त्याचा. नाही बसली तर फार तर एकच गुण, आणि खेळ पुढे चालू.

त्यानं सोडली. सुटली तेव्हाच त्याला कळलं. सव्वा फेऱ्याला किंचित काहीतरी कमी, किंवा जास्त. ती खुंट्याला भिडली, फिरली आणि त्याला कवटाळून बसली, पण आवाज शेवटी जरा फाटला. पलीकडे लोकांनी आरडाओरडा केला. "रिंगर!" व्हिन्स म्हणाला. "हेम, संपलं, जिंकलास तू," आणि हात पुढे केला. "मोजू दे," हेमचंद्र म्हणाला. नियम सोपा आहे: नालेच्या दोन्ही टोकांना सरळ पट्टी लावायची, पट्टी खुंट्याला न शिवता गेली तर रिंगर, शिवली तर नाही. क्लबात हा निवाडा पहिल्यापासून डॉटी करायची. गुण लिहिण्याच्या टेबलापाशी ती बसलेली होती. ती पट्टी घेऊन आली. चौकटीशी आल्यावर कोटाची टोकं सावरत गुडघे टेकून मातीत बसली. चारी बाजूंनी लोक जमले. कुणीतरी म्हणालं, "कमॉन डॉटी, आज त्याचा दिवस आहे." हेमचंद्र तिच्या डोक्यावरच्या पांढऱ्या केसांतला भांग बघत होता. आता ही मला सामना देईल. सगळ्यांना तेच हवंय, केसभराचा तर प्रश्न आहे, कुणालाही कळणार नाही. ती पट्टी लावेल, हसेल, रिंगर म्हणेल, आणि मग आमचं फिटलं असं तिला वाटेल. तसं तिनं केलं तर मी या माणसांत पुन्हा पाऊल ठेवणार नाही. असं त्यानं ठरवलं नव्हतं. ते त्याला आत ठरलेलंच सापडलं.

डॉटीनं पट्टी लावली. काढली, चष्मा कपाळावर सरकवला आणि पुन्हा लावली. मग मान वर करून थेट त्याच्याकडे बघितलं.

"शिवतेय," ती म्हणाली. "नाही. रिंगर नाही."

लोकांतून नाराजीचा एक सूर उठला. व्हिन्स म्हणाला, "अगं डॉटी!" "शिवतेय म्हणजे शिवतेय," ती म्हणाली. छातीतलं काहीतरी, जे हेमचंद्र त्या सकाळपासून आवळून धरून होता ते, जरासं सैल झालं, सगळं नाही. डॉटी उठायला गेली. एक हात मातीत टेकून तिनं जोर लावला, पण गुडघा साथ देईना. तिच्या जवळ तिघे-चौघे होते, पण ते व्हिन्सशी हुज्जत घालत होते. हेमचंद्र पुढे झाला. त्यानं हात दिला. तिनं तो लगेच धरला नाही, आधी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग धरला, दोन्ही हातांनी, आणि उठताना आपलं सगळं वजन त्याच्यावर टाकलं. त्याला वाटलं होतं त्याहून ती बरीच जड होती. पुढच्याच हाताला व्हिन्सनं दोन्ही नाला खुंट्यावर बसवल्या आणि सामना जिंकला.

परत जाताना गाडी प्रतिमानं चालवली. पाटी मागच्या सीटवर होती. गाडी मोठ्या रस्त्याला लागली. मग हेमचंद्रानं सांगितलं. पार्किंगमध्ये डॉटी काय म्हणाली ते शब्द न गाळता, ओळखलं होतं तेसुद्धा, नाव घेतलं नाही तेसुद्धा. प्रतिमानं गाडी बाजूला घेऊन थांबवली. तिच्या बिल्ल्याची पिन उघडी पडली होती, तिनं ती काढून पर्समध्ये टाकली.

"हे तुम्हाला सामन्याच्या आधीच माहीत होतं?"

"हो."

"आणि तरी तुम्ही तिला हात दिलात?"

"हो."

"का?"

बाजूनं गाड्या जात होत्या, एकेक गाडी गेली की त्यांची गाडी किंचित हलायची. हेमचंद्रानं खरंच विचार केला. मोठं काही सापडतंय का ते पाहिलं.

"तिला उठता येत नव्हतं," तो म्हणाला.